फर्स्ट ऑफिसर व्हायचंय? परवाने, पेपर आणि मुदती कशा जुळवायच्या

भारतात एअरलाइनच्या विमानात उजव्या खुर्चीत, म्हणजे फर्स्ट ऑफिसर किंवा को-पायलट म्हणून, बसायचं तर हातात काय काय लागतं, ते आधी सांगून टाकू. डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल. त्यावर मल्टि-इंजिनची नोंद. चालू स्थितीतलं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर), म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची पात्रता. क्लास 1 मेडिकल. रेडिओवर बोलायचं एफआरटीओएल लायसन्स. विमानसेवेच्या इंग्रजीची किमान लेव्हल 4. आणि जे विमान उडवायचं, त्याचं टाइप रेटिंग. एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, या यादीत नाही. ते कॅप्टन होताना लागतं. अमेरिकेत 2013 पासून को-पायलटलाही एटीपी लागतं आणि त्यासाठी साधारण 1500 तास भरावे लागतात, म्हणून तिकडचे व्हिडिओ पाहून इकडची मुलं उगाच धास्तावतात. आपल्याकडे सीपीएलला 200 तास पुरतात.

वरच्या यादीतली एकेक गोष्ट मेहनती मुलाला जमण्यासारखी आहे. गाडी अडते ती मुदतींपाशी. मेडिकलची मुदत वेगळी, पेपरच्या निकालाची वेगळी, स्किल टेस्टची वेगळी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची आणखी वेगळी. एक हातात येईपर्यंत दुसरी संपलेली असते. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी एक वही करा आणि प्रत्येक कागदापुढे तो कधी मिळाला आणि कधी संपतो हे लिहीत चला.

पैसे भरण्याआधी मेडिकल

फ्लाइंग स्कूलची फी भरून झाल्यावर मेडिकलला जाणं हा सगळ्यात महागात पडणारा क्रम. सीपीएलचा एकूण खर्च आज ढोबळमानाने पन्नास लाखांच्या आसपास जातो. डोळ्यांत किंवा हृदयात काही निघालं तर हे पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात.

आधी क्लास 2. ते डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होतं. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे असं सगळं तपासतात. क्लास 1 त्याहून कडक. ते हवाई दलाच्या ठरावीक केंद्रांत किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या क्लास 1 परीक्षकांकडे होतं. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. क्लास 2 हातात पडलं की लगेच क्लास 1 च्या मागे लागा, निदान मोठा हप्ता भरायच्या आत.

चष्मा असला तरी चालतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चष्म्यासह प्रत्येक डोळ्याला 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसायला हवं. चष्मा लावून पास झालात तर मेडिकलवर तशी अट छापून येते आणि उड्डाणाच्या वेळी चष्म्याची दुसरी जोडी जवळ ठेवावी लागते. रंगांधळेपण मात्र खरोखर अडवतं. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या नेत्रतज्ज्ञाकडे दहा मिनिटांत तपासून होतात. बारावीनंतरचा निर्णय घेण्याआधी एवढं तरी करून घ्याच.

बरेच जण कायमचे अपात्र ठरत नाहीत, ‘तात्पुरते अपात्र’ ठरतात. वजन, रक्तदाब, साखर, कानातला मळ ही नेहमीची कारणं. रात्रभर बसचा प्रवास करून, दोन चहा पोटात ढकलून सकाळी तपासणीला उभं राहिलं तर रक्तदाब वर जाणारच. आदल्या दिवशी त्या शहरात मुक्काम करा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ काढून घ्या. वजन जास्त असेल तर तीन महिने आधीपासून मागे लागा. जुनं ऑपरेशन, दमा, फिट येण्याचा इतिहास असेल तर लपवू नका. पुढे उघड झालं तर आजारापेक्षा खोट्या जबाबाचं प्रकरण जड जातं.

नावाची भानगड आणि कॉम्प्युटर नंबर

शिक्षणाची अट बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित उत्तीर्ण अशी आहे. ही अट सैल करावी असा विचार 2025 मध्ये पुढे आला. पण अधिसूचना डोळ्यांनी वाचल्याशिवाय त्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलांना मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, हे दोन विषय देता येतात. बरेच जण तोच रस्ता धरतात.

डीजीसीएचे पेपर द्यायला आधी कॉम्प्युटर नंबर लागतो. तो एकदाच मिळतो आणि कायम तोच राहतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका खऱ्या असल्याची बोर्डाकडून पडताळणी लागते. राज्य मंडळातून शिकला असाल तर ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली तिथे अर्ज करावा लागतो. पुण्याच्या मुलाने बारावी लातूरला केली असेल तर काम लातूर विभागात.

महाराष्ट्रातली मुलं इथे हमखास ठेचकाळतात ती नावावर. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये घुसलेलं, कधी गायब. एखाद्या कागदावर ‘राव’ किंवा ‘कुमार’ चिकटलेलं. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर एक नाव, परीक्षेच्या पोर्टलवर दुसरं आणि मेडिकलवर तिसरं असं झालं की लायसन्सचा अर्ज प्रश्नचिन्ह लागून परत येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग प्रमाण माना. आधार आणि पासपोर्ट त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि मगच पहिलं खातं उघडा. महिना जातो, पण नंतरचे सहा वाचतात.

पेपर

सीपीएलसाठी पेपर असे: एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. शेवटचा तुम्ही ज्या विमानावर शिकता त्याचा, म्हणजे सेसना 172 वर उडत असाल तर त्याचा. सगळे पेपर संगणकावर, बहुपर्यायी. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक पेपरात 70 टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. नियमित सत्रांखेरीज मागणीनुसार ऑनलाइन परीक्षाही होतात. 68 टक्क्यांवर अडकलेल्याला त्यांचा मोठा आधार.

क्रम कसा लावावा यावर मतं वेगवेगळी आहेत. आमचं मत असं: रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजी एका सत्रात, नेव्हिगेशन स्वतंत्र, टेक्निकल जनरल त्याच्या बरोबर किंवा पाठोपाठ. स्पेसिफिक विमान हातात आल्यावर, कारण फ्युएल सिस्टिमची आकृती पाठ करण्यापेक्षा सकाळी तपासणी करताना टाकीतून काढलेलं पेट्रोल बाटलीत धरून पाहिलं की ती सहज लक्षात राहते. फ्लाइंग सुरू होण्याआधी निदान तीन पेपर हातावेगळे झालेले असावेत. दिवसभर उन्हात एअरफिल्डवर थांबून संध्याकाळी नेव्हिगेशनची गणितं सोडवणं बोलायला सोपं.

नेव्हिगेशनमध्ये सर्वाधिक मुलं गळतात आणि त्यातली बहुतेक सूत्र माहीत असूनही गळतात. 1-इन-60 घ्या, म्हणजे 60 मैलांत 1 मैल सरकलं तर साधारण 1 अंशाची चूक. ‘अ’ ते ‘ब’ 100 नॉटिकल मैल. 40 मैल गेल्यावर कळलं की विमान रेषेच्या डावीकडे 4 मैल सरकलंय. थेट ‘ब’ला पोचायला किती अंश वळायचं? घाईत मुलं 4 गुणिले 60 भागिले 40 करतात, 6 लिहितात आणि पुढे जातात. 6 अंश वळलात तर विमान मूळ रेषेला समांतर जाईल, ‘ब’ला पोचणार नाही. उरलेल्या 60 मैलांत ते 4 मैल भरून काढायला आणखी 4 अंश लागतात. उत्तर उजवीकडे 10. पर्यायांत 6, 4 आणि 10 तिन्ही दिलेले असतात, हे गृहीत धरून चला.

पॉइंट ऑफ नो रिटर्नचंही तसंच, म्हणजे ज्याच्या पुढे गेलं की परतण्याइतकं इंधन उरत नाही त्या जागेचं. हवेतला वेग 120 नॉट, जाताना समोरून 20 नॉटचा वारा. म्हणजे जाताना जमिनीवरचा वेग 100, येताना 140. वापरता येण्याजोगं इंधन 5 तासांचं. वेळ काढताना 5 गुणिले 140 भागिले 240, म्हणजे 2 तास 55 मिनिटं. अंतर साधारण 292 मैल. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, वरच्या ओळीत येतानाचा वेग घ्यायचा असतो, जातानाचा नाही. दुसरा, प्रश्नात एकूण इंधन 5 तास 45 मिनिटांचं आणि राखीव 45 मिनिटांचं असं दिलेलं असतं. राखीव वजा न करता गणित केलं तर तेही उत्तर पर्यायांत हजर.

रेग्युलेशन्स पाठांतराचा पेपर म्हणून ओळखला जातो आणि त्यामुळेच लोक बेसावध राहतात. सेमी-सर्क्युलर नियम, म्हणजे दिशेनुसार उंचीची लेव्हल ठरवण्याचा, सगळ्यांना येतो: 000 ते 179 अंशांना विषम लेव्हल, 180 ते 359 ला सम. पण तो मॅग्नेटिक ट्रॅकवर, म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या मार्गावर, लागू होतो. ट्रू ट्रॅक 179 आणि व्हेरिएशन (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक) 2 अंश पश्चिम असेल तर मॅग्नेटिक 181, म्हणजे सम लेव्हल. ट्रू पाहून उत्तर दिलं की चूक, हेडिंग पाहून दिलं तरी चूक. प्रकाशसंकेत, विमान अडवलं गेल्यास करायच्या खुणा, परवान्यांच्या वयाच्या अटी यांवरचे गुण हमखास मिळणारे आहेत. ते सोडू नका.

मेटिऑरॉलॉजीत भारतीय हवामानाला चांगला वाव असतो: पश्चिमी विक्षोभ, उत्तरेतलं हिवाळी धुकं, कालबैसाखी, मॉन्सूनचं आगमन आणि माघार. मराठी माध्यमाच्या मुलांनी भूगोलात हे शिकलेलं असतं, फक्त इंग्रजी संज्ञा बसवाव्या लागतात. मेटार (विमानतळाचं चालू हवामान) आणि टॅफ (तिथला अंदाज) रोज पाच वाचायची सवय लावा. एक बारीक गोष्ट: मेटारमधला वारा ट्रू उत्तरेपासून असतो, टॉवर उतरताना सांगतो तो मॅग्नेटिक. आपल्याकडे व्हेरिएशन नगण्य, म्हणून प्रत्यक्षात फरक जाणवत नाही. प्रश्नपत्रिकेत जाणवतो.

डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला भासणारी उंची, तर पेपरपुरतं नाहीच. समजा धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1800 फुटांवर, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) 1003. प्रमाण दाबापेक्षा 10 हेक्टोपास्कल कमी, प्रत्येकी 30 फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड 2100 फूट. तिथलं प्रमाण तापमान साधारण 11 अंश. बाहेर 31 असेल तर 20 अंश जास्त. अंशाला 120 फूट या हिशेबाने 2400 मिळवा, झालं 4500 फूट. म्हणजे 1800 फुटांवरून उडणारं इंजिन 4500 फुटांवर असल्यासारखं वागणार. मे महिन्यात भर दुपारी सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, का देत नाहीत, त्याचं एक कारण या आकड्यात आहे.

पास झालेल्या पेपरना मुदत असते. सगळे पेपर काढून, कर्ज मंजूर होण्याची वाट पाहत घरी बसलेल्या मुलांचे निकाल बाद झाल्याची उदाहरणं दर वर्षी असतात. पैशाची सोय अर्धवट असताना पेपरांची घाई करू नका.

आरटीआर

रेडिओची परीक्षा, आरटीआर (ए), वर्षानुवर्षं दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने हे काम विमान वाहतुकीच्या यंत्रणेकडे आणलं. तेव्हा जुन्या नोट्समधली अर्जाची पद्धत वापरू नका, चालू सूचना पाहा. आरटीआरच्या आधारे डीजीसीए एफआरटीओएल देतं. ते नसेल तर बाकी सगळं असूनही सीपीएलचा उपयोग नाही.

पेपरांत उत्तम गुण मिळवणारी मुलं आरटीआरच्या तोंडी भागात अडखळतात, कारण उत्तर माहीत असतं पण तोंडातून ठरलेल्या क्रमाने निघत नाही. आपत्तीच्या संदेशाचा क्रम असा: मेडे तीनदा, कोणाला उद्देशून, आपलं कॉलसाइन, काय बिघडलं, काय करणार, जागा-उंची-दिशा, आणि शेवटी विमानात माणसं किती व इंधन किती वेळाचं. तातडी असेल पण जीव धोक्यात नसेल, उदाहरणार्थ प्रवासी आजारी, तर पॅन पॅन तीनदा. वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे 4 वाजता भारतात 15 तारीख असेल तर यूटीसीत 14 तारखेचे 22:30. तारीख बदलते हे मुलं विसरतात.

रोज अर्धा तास मोठ्याने बोला. एकाने एटीसी (हवाई नियंत्रक) व्हायचं, दुसऱ्याने विमान. आरशासमोर पुटपुटून काही होत नाही, समोरच्याने मध्येच तोडून नवीन लेव्हल दिली आणि ती तुम्ही बिनचूक परत वाचून दाखवली, तर तयारी झाली.

दोनशे तास

सोळाव्या वर्षी एसपीएल (स्टुडंट पायलट लायसन्स), सतराव्या वर्षी पीपीएल (प्रायव्हेट पायलट लायसन्स), अठराव्या वर्षी सीपीएल मिळू शकतं. एसपीएलची परीक्षा तोंडी, स्कूलच्या पातळीवर. पीपीएल मध्ये घ्यायलाच हवं असं नाही, एसपीएलवरूनही सीपीएलचे तास भरता येतात.

200 तासांत काय काय असलं पाहिजे: पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, म्हणून 100 तास, त्यातले 15 अर्जाआधीच्या 6 महिन्यांतले. पीआयसी म्हणून 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबच्या ठिकाणी जाणारं उड्डाण, त्यात एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेली. 10 तास इन्स्ट्रुमेंट, त्यातले जास्तीत जास्त 5 सिम्युलेटरवर. 5 तास रात्रीचं उड्डाण, 10 टेकऑफ आणि 10 लँडिंगसह. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या अटी याहून जास्त आहेत: पीआयसी म्हणून 50 तास क्रॉस-कंट्री आणि 40 तास इन्स्ट्रुमेंट. म्हणून सीपीएलचे किमान आकडे समोर ठेवून तास आखू नका, पहिल्या दिवसापासून आयआरचे आकडे धरा. नाहीतर 200 भरतात आणि क्रॉस-कंट्रीचे पंधरा तास कमी निघतात. ते वेगळे विकत घ्यावे लागतात.

शेवटी टेस्ट. दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट. दिवसाची क्रॉस-कंट्री टेस्ट 250 मैलांची. रात्रीची 120 मैलांची, कुठेही न उतरता परत येण्याची. या टेस्ट अर्जाआधीच्या 6 महिन्यांतल्या असाव्या लागतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. समजा दिवसाची टेस्ट 10 जानेवारीला दिली. रात्रीची ठरली तेव्हा धुकं. फेब्रुवारीत विमान 100 तासांच्या तपासणीला गेलं आणि सुटा भाग यायला महिना लागला. एप्रिलमध्ये एक्झामिनर मिळाला नाही. मेमध्ये नाइट फ्लाइंग उरकलं, पण 120 मैलांची टेस्ट राहिली. जूनमध्ये पाऊस. 10 जुलै उलटला की जानेवारीतली टेस्ट गेली, परत द्या. उपाय एकच: सगळे तास, विशेषतः रात्रीचे, हातात आल्यावरच पहिली टेस्ट द्यायची आणि सगळ्या टेस्ट सहा ते आठ आठवड्यांत उरकायच्या.

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे, जळगाव, नागपूर अशा ठिकाणी प्रशिक्षण चालतं किंवा चालत आलंय. सरकारी अकादमी, इग्रुआ, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला. तिथे स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. स्कूल निवडताना विमानं किती आहेत हे विचारू नका. आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत, मुलं किती आहेत, आणि गेल्या वर्षी एका मुलाला 200 तासांना सरासरी किती महिने लागले, हे विचारा. तेही ऑफिसात नको, हँगरबाहेर बसलेल्या मुलांना. चाळीस मुलं आणि चालू विमानं तीन असं असेल तर ‘बारा महिन्यांत सीपीएल’ या जाहिरातीला काही अर्थ उरत नाही. धावपट्टीला रात्रीचे दिवे आहेत का, ट्विन-इंजिन विमान स्वतःचं आहे का, एक्झामिनर स्कूलमध्येच आहे का, हे तीन प्रश्नही सोडू नका. फी हप्त्यांत आणि उडालेल्या तासांच्या प्रमाणात भरा. सवलतीच्या आमिषाने सगळी रक्कम एकदम भरू नका.

पावसाळा गृहीत धरा. जून ते सप्टेंबर व्हीएफआर, म्हणजे बाहेर पाहून करायची, उड्डाणं रखडतात. ऑक्टोबरात सुरुवात करणाऱ्याला सलग आठ महिने मिळतात, मेमध्ये सुरुवात करणारा पहिल्या सोलोआधीच महिना-महिना ब्रीफिंग रूममध्ये बसतो. पेपर पावसाळ्यात, फ्लाइंग दिवाळीच्या आगेमागे सुरू, ही विभागणी आपल्या हवामानाला बसते.

लॉगबुकबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्ज परत येण्याचं ते नेहमीचं कारण. वेळ तास आणि मिनिटांत असते. 1:45 आणि 0:50 ची बेरीज 2:35. थकलेल्या डोक्याने कुणीतरी दशांशासारखी बेरीज करतं, ती चूक पानामागून पान पुढे जाते आणि दीडशे तासांनंतर सापडते. प्रत्येक पान भरलं की बेरीज दुसऱ्याकडून तपासून घ्या. खाडाखोडीवर व्हाइटनर लावू नका, एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही. ड्युअल (प्रशिक्षकासोबतचे तास) आणि पीआयसीचे रकाने मिसळू देऊ नका. महिन्याच्या महिन्याला सीएफआयची (मुख्य उड्डाण प्रशिक्षकाची) सही घ्या, तो नोकरी बदलून गेला की सहीसाठी गावोगाव फिरावं लागतं. आणि पेनाने तास उडवायच्या भानगडीत पडू नका. या प्रकाराला धंद्यात पार्कर पेनवरून ‘पी-51’ म्हणतात. विमानाच्या टेक्निकल लॉगशी आणि एटीसीच्या नोंदींशी ताडून पाहिलं की असे तास उघडे पडतात. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवलेल्या वैमानिकांना अटक झाली होती, तेव्हापासून पडताळणी कडक झाली आहे.

मल्टि-इंजिन आणि आयआर

ट्विनवर साधारण पंधरा-वीस तास होतात, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची टेस्ट त्याच विमानावर देणं शहाणपणाचं. एअरलाइनला मल्टि-इंजिनवरचं चालू आयआर हवं असतं. हे रेटिंग 12 महिने टिकतं. नोकरीची जाहिरात तेराव्या महिन्यात आली तर पुन्हा ट्विन भाड्याने घ्या, सराव करा, टेस्ट द्या. ट्विनचा ताशी दर सिंगलच्या कितीतरी पट, त्यामुळे खिशाला चांगलीच चाट बसते. आयआर अगदी शेवटी घ्या, सीपीएलच्या अर्जाच्या तोंडावर.

अर्ज ईजीसीए पोर्टलवर होतो. सीपीएलची वैधता 2023 च्या दुरुस्तीनंतर 5 ऐवजी 10 वर्षं झाली आणि फेब्रुवारी 2025 पासून इलेक्ट्रॉनिक परवाना आला. पण परवाना दहा वर्षांचा म्हणून उडता येईल असं नाही. मेडिकल आणि आयआर दोन्ही चालू असतील तेव्हाच तो कामाचा.

इंग्रजीच्या चाचणीत लेव्हल 4 तीन वर्षांनी, लेव्हल 5 सहा वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, लेव्हल 6 ला मुदत नाही. इथे उच्चार साहेबासारखा लागत नाही. स्पष्ट आणि न अडखळता बोललं, अनपेक्षित प्रश्न समजून उत्तर दिलं, की काम होतं.

परदेशात शिकून आलेल्यांना त्या देशाच्या परवान्याची पडताळणी डीजीसीए करून घेतं आणि एअर रेग्युलेशन्ससह नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर इथे द्यावा लागतो. तिथे आठ-दहा महिन्यांत फ्लाइंग होतं हे खरं, पण इथे रूपांतर करताना सहा महिन्यांची अट पुन्हा आडवी येते. परत यायच्या आधीच कॉम्प्युटर नंबर काढून ठेवा, परदेशात असतानाच पेपरांची तयारी करा, आणि तिथल्या स्कूलचे शिक्के-सह्या असलेला प्रत्येक कागद सोबत आणा. टेस्टचे मूळ अहवाल मागाहून मागवणं म्हणजे ई-मेलांचा खेळ.

सीपीएलनंतर

एअरलाइनची निवड बहुधा तीन-चार टप्प्यांत होते: लेखी तांत्रिक परीक्षा, संगणकावरची क्षमता चाचणी, कधी गटचर्चा किंवा सिम्युलेटर, आणि मुलाखत. क्षमता चाचणीत एका हाताने रेषा धरून ठेवायची, दुसऱ्या हाताने आकडे दाबायचे आणि कानाने सूचना ऐकायच्या असं एकदम चालतं. पाठांतर इथे कामाचं नाही, झोप कामाची. लेखी परीक्षेत मात्र सीपीएलचेच विषय खोलात विचारतात. पेपर पास होऊन दोन वर्षं झालेली मुलं इथे मागे पडतात.

नोकरीचं पत्र हातात नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करावं का? आमच्या मते नाही. एअरबस 320 चं रेटिंग करून बसलात आणि भरती एटीआर या दुसऱ्याच विमानाची निघाली तर पैसे अडकले. शिवाय रेटिंग न वापरता पडलं की शिळं होतं. कॅडेट योजनेत एअरलाइन सुरुवातीलाच निवड करते आणि टाइप रेटिंगसह सगळं बांधून देते. खर्च जास्त, पण रांग कमी. करार वाचताना दोन कलमं शोधा: नोकरीची हमी आहे की फक्त ‘संधी’, आणि मध्येच भरती थांबली तर पैशाचं काय.

टाइप रेटिंगमध्ये आधी जमिनीवरचे वर्ग आणि विमानाची परीक्षा, मग सिम्युलेटरचे सत्रामागून सत्र, शेवटी सिम्युलेटरवर टेस्ट. नवख्या वैमानिकाला त्यानंतर खऱ्या, रिकाम्या विमानातून सहा टेकऑफ-लँडिंग करावी लागतात. त्याशिवाय क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, धोकादायक माल, आपत्कालीन दरवाजे आणि आग, सुरक्षा असे वर्ग. मग प्रवाशांसह उड्डाणं सुरू होतात, पण उजव्या खुर्चीत तुम्ही आणि डावीकडे प्रशिक्षक कॅप्टन. सुरुवातीच्या फेऱ्यांत मागच्या खुर्चीत आणखी एक पात्र वैमानिक बसलेला असतो. रिलीज चेक झाला की तुमचं नाव नेहमीच्या रोस्टरवर लागतं.

त्यानंतरही परीक्षा संपत नाहीत. सहा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक, वर्षाला आयआर, वर्षाला मेडिकल. 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग नसतील तर आधी सिम्युलेटर. उड्डाणाच्या आधीच्या 12 तासांत दारू पूर्ण बंद.

एटीपीएलसाठी वय 21 आणि 1500 तास लागतात. पण त्याचे पेपर त्याआधीच देता येतात आणि सीपीएलचा अभ्यास डोक्यात ताजा असताना देणं सोपं जातं. दोन-तीन वर्षं रोस्टरवर काढल्यावर पहाटे साडेतीनच्या ड्यूटीनंतर ग्रेट सर्कल आणि कन्व्हर्जन्सीची गणितं सोडवायला बसणं जड असतं. शिवाय त्या 1500 तासांतही रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे आणि पीआयसीचे तास वेगवेगळे मोजतात. को-पायलट म्हणून उडताना पीआयसी तास आपोआप भरत नाहीत, कॅप्टनच्या देखरेखीखाली पीआयसीचं काम केल्याची नोंद त्याच्या सहीने करून घ्यावी लागते. ती सही त्याच दिवशी, विमानातून उतरण्याआधी घ्या.